तोफ बघून झाली, आता न्हाणीघर बघूया

मराठी माणूस किल्ल्यावर गेला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "तोफ कुठंय हो?" मग तोफेवर हात ठेवून फोटो, बुरुजावर उभं राहून फोटो, दरवाजात फोटो, आणि परतीच्या वाटेवर मिसळ. यात वाईट काही नाही. वीकांताला घराबाहेर पडलेल्या, पाच दिवस संगणकासमोर बसलेल्या माणसाने एवढं तरी करावंच. पण त्यामुळे आपल्या डोक्यातला किल्ला फक्त लढाईचा राहतो. तिथे लोक राहत होते, स्वयंपाक करत होते, आंघोळी करत होते, हे आपण जवळजवळ विसरूनच जातो.

धाराशिव जिल्ह्यातल्या परांड्याच्या भुईकोटाचंच घ्या. इथे तोफेचा प्रश्न शोभूनही दिसतो म्हणा. विजापूरची ती प्रसिद्ध मुलुखमैदान तोफ १५४९ साली अहमदनगरला (म्हणजे आताच्या अहिल्यानगरला) मुहम्मद बिन हसन रूमी नावाच्या तुर्की उस्तादाने ओतली. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यात होती आणि १६३२ मध्ये मुरार जगदेव ती इथून विजापूरला घेऊन गेला. पंचावन्न टनांच्या आसपासचं हे धूड तेव्हाच्या रस्त्यांवरून नेलं कसं, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. आपल्या भाषेत ती तोफ इतकी मुरली आहे की सभा गाजवणाऱ्या वक्त्याला आपण अजून 'मुलुखमैदान' म्हणतो.

पण त्याच किल्ल्यात एक हमामखाना आहे, म्हणजे गरम पाण्याचं, गरम हवेचं न्हाणीघर. त्याच्या नावाने मराठीत एकही वाक्प्रचार नाही. बार्शीहून तासाभराच्या आत परांडा गाठता येतं, खंदक ओलांडून आत जाता येतं, आणि बहुतेक लोक हमामखान्यात दोन मिनिटं डोकावून बाहेर येतात. त्यांचं चुकतं असंही नाही. तिथे आता न्हाणीघर म्हणून ओळखू येईल असं फारसं काही दिसत नाही, दिसतात त्या मूर्ती. किल्ल्यात आणि आसपास सापडलेली जुनी शिल्पं तिथे आणून ठेवली आहेत. मनात पहिला विचार येतो तो 'देव न्हाणीघरात कशाला?' आणि तिथेच पाहणं संपतं.

माझं मत सरळ आहे. परांड्याच्या किल्ल्यात एकच इमारत नीट समजून घ्यायला वेळ असेल तर ती हमामखान्याची असावी. आणि शासनाला तिथे एकच चांगली पाटी लावणं परवडत असेल, तर तीही हमामखान्याच्या दारातच लावावी. का, ते सांगतो.

आधी हमाम म्हणजे काय ते बघू. शब्द अरबी, मूळ अर्थ उष्णतेशी जोडलेला. (आजीचा 'हमामदस्ता' यातला नव्हे बरं का. तो फारसी 'हावनदस्त्या'चा अपभ्रंश, म्हणजे खलबत्ता. आणि हमाम साबणाची आठवण ज्यांना आली त्यांचं वय मला कळलं!) हमाम म्हणजे नुसती बाथरूम नव्हे, ती एकामागून एक खोल्यांची मालिका असते. पहिल्या खोलीत कपडे उतरवायचे आणि नंतर विसावा घ्यायचा. दुसरी कोमट, तिथे शरीर सरावायचं. तिसरी गरम, तिथे घाम काढायचा, अंग चोळून घ्यायचं, आणि गरम पाणी घ्यायचं. येताना पुन्हा त्याच क्रमाने थंडाव्याकडे. खोल्यांमधली दारं बुटकी, बऱ्याचदा वाट वळणाची, म्हणजे उष्णता सरळ बाहेर पळत नाही. उजेड वरच्या झरोक्यांतून. छत घुमटाचं, आणि ते निव्वळ शोभेसाठी नव्हे. सपाट छतावर वाफ साचली तर थेंब थेट डोक्यावर पडतात. घुमटाच्या वळणावरून पाणी ओघळत भिंतीकडे जातं. इतका साधा विचार, पण कुणीतरी तो केला होता!

खरी गंमत मात्र जमिनीखाली असते. इमारतीच्या मागच्या अंगाला भट्टी, भट्टीवर तांब्याचं मोठं पात्र किंवा टाकीच्या तळाशी तांब्याचा पत्रा, आणि त्यात पाणी. हे झालं सरळ. पण भट्टीचा धूर आणि गरम हवा लगेच धुराड्यातून सोडून देत नाहीत. ती आधी फरशीखालच्या पोकळीतून, बोळांतून फिरवतात, कधी भिंतीतल्या नळांतून वर नेतात, आणि मग बाहेर काढतात. म्हणजे एकाच विस्तवात पाणी तापतं, फरशी तापते, भिंती तापतात. वाया जाणारी उष्णता दुसऱ्या कामाला लावायची, हे आज आपण मोठ्या कौतुकाने 'कार्यक्षमता' म्हणून सादरीकरणात दाखवतो.

ज्यांच्या घरी तांब्याचा बंब होता त्यांना हे समजावून सांगायची गरजच नाही. बंबाच्या मधोमध नळी, नळीत गोवऱ्या नाहीतर लाकडाच्या ढलप्या, बाहेरून पाणी. धूर वर जाता जाता पाणी तापवून जातो. हमामखाना म्हणजे असा बंब समजा ज्याच्या पोटात माणूस जाऊन बसतो. आपल्याकडची इतर सामग्रीही काही कमी नव्हती. न्हाणीतलं चुलवण, त्यावरचा हंडा, घंगाळ, कढत पाण्यात घालायचं विसण, दिवाळीचं उटणं. 'विसण' या शब्दाला पर्याय मला आजवर दुसऱ्या भाषेत सापडलेला नाही. गरम पाण्याचं कौतुक आपल्याला होतंच. नव्हती ती गरम खोली.

ही गरम खोली आली कुठून? फरशीखालून गरम हवा खेळवण्याचं तंत्र रोमन लोकांनी पूर्णत्वाला नेलं. खाली विटांचे छोटे खांब, त्यावर उचललेली फरशी, एका कडेला भट्टी. पाँपेईच्या स्नानगृहांत हे आजही बघता येतं. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीने ते शहर गाडलं, त्यामुळे ते आहे तसं राहिलं. रोमन साम्राज्याच्या पूर्वेकडच्या मुलखात अरबांनी ते उचललं. जॉर्डनच्या वाळवंटातला कुसैर अमरा हा आठव्या शतकातला हमाम त्याचा सुंदर पुरावा आहे. मग इराण, तुर्कस्तान, मध्य आशिया, आणि तिथून सुलतानांबरोबर, सरदारांबरोबर, कारागिरांबरोबर हिंदुस्थान. बाबराला इथला उन्हाळा, वारा आणि धूळ या तिन्हींचा वैताग होता, आणि तिन्हींवर उतारा म्हणून त्याने आग्र्याला हमाम बांधवला, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय.

आता यातला धाराशिवचा धागा बघा. याच जिल्ह्यात तेर आहे, म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात तगरचं नाव आहे. इथलं कापड भडोचच्या बंदरावर जायचं आणि तिथून पश्चिमेकडे. तेरच्या लामतुरे संग्रहालयात एक छोटी हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे, आणि तिची बहीण शोभावी अशी मूर्ती सापडली थेट पाँपेईत. म्हणजे ज्या काळात पाँपेईच्या स्नानगृहांत फरशा तापत होत्या, त्या काळात या जिल्ह्याचा माल त्या जगाकडे जात होता. पण गरम फरशीची युक्ती त्या जहाजांतून परत आली नाही. ती आली हजाराहून अधिक वर्षांनी, जमिनीच्या वाटेने, वेगळ्या धर्माच्या, वेगळ्या भाषेच्या लोकांबरोबर. कापड जितक्या चटकन प्रवास करतं तितक्या चटकन तंत्र करत नाही. त्यासाठी ते तंत्र हातात असलेली माणसंच यावी लागतात.

परांड्यात अशी माणसं येण्याची कारणंही होती. किल्ल्याच्या उभारणीचं श्रेय परंपरेने बहामनी वजीर महमूद गावानला देतात. गावान मूळचा इराणमधल्या गिलानचा. बिदरचा त्याचा मदरसा १४७२ चा. १४८१ मध्ये त्याच्या सुलतानाने त्याला ठार मारलं. पुढे परांडा निजामशाहीत आलं. आणि मग १६०० मध्ये एक अजब गोष्ट घडली. मोगलांनी अहमदनगर घेतलं, आणि मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तझा निजामशहाला गादीवर बसवून राजधानी आणली ती परांड्याला. काही वर्षं हा भुईकोट एका राज्याची राजधानी होता.

थोडी कल्पना करा. एका लहानशा किल्ल्यात दरबार, जनाना, सरदार, मुतालिक, कारकून, वकील. मला हे आपल्या क्षेत्रातल्या प्रकारासारखं वाटतं: मुख्य सर्व्हर पडला की दुसऱ्या गावातल्या राखीव सर्व्हरवर सगळं हलवायचं. पाहणाऱ्याला वाटतं फक्त 'राजा हलला'. प्रत्यक्षात पाणी, सरपण, सांडपाणी, धान्य, घोड्यांचा चारा, सगळंच हलवावं लागतं. हाच मलिक अंबर पुढे खडकीला (नंतरचं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर) मातीच्या नळांतून, नहरींतून शहरभर पाणी खेळवणार होता. पाणी ही राज्याची पहिली गरज आहे हे ज्याला कळत होतं तो माणूस या भिंतींमध्ये वावरला आहे. परांड्याचा हमाम नेमका त्याच्या वेळचा की आधीचा, हा माझा मुद्दाच नाही. राजधानीचा भार ज्या सोयींवर पडला त्यांत तो येतो, एवढं मला पुरेसं आहे.

आणि आंघोळीची जागा ही फक्त आंघोळीची नसायची. मोगलांकडे बादशहाच्या न्हाणीघराला लागून असलेल्या दालनात मोजक्या माणसांशी खलबतं व्हायची, म्हणून खाशा दरबाराचंच नाव 'गुसलखाना' पडलं. १६६६ मध्ये शिवाजी महाराज आग्र्याला औरंगजेबासमोर उभे राहिले ते याच गुसलखान्यात, म्हणजे दिवाण-ए-खासमध्ये. शाळेत हा शब्द ऐकून वर्गात खसखस पिकली होती हे आठवतंय. पण त्यात हसण्यासारखं काही नाही. जिथे शस्त्र उतरवून जावं लागतं आणि आवाज बाहेर जात नाही, तिथे राजकारण होणारच.

आता थोडा हिशेब करू. शेवटी आम्ही हिशेबाचीच माणसं. पुढची खोली कल्पित आहे, परांड्याच्या हमामाची मापं नव्हेत. शंभर लिटर पाणी २० अंशांवरून ४० अंशांवर न्यायला साधारण ८.४ मेगाज्यूल उष्णता लागते. कोरडं लाकूड किलोमागे १६ मेगाज्यूलच्या आसपास देतं. त्यातली पाव उष्णताच कामी आली असं धरलं, तर एका चांगल्या आंघोळीला दोन किलो लाकूड. म्हणजे काहीच नाही!

पण खोली? समजा चार मीटर लांब-रुंद-उंच खोली, घुमट आणि फरशीसकट आतला पृष्ठभाग शंभर चौरस मीटर. त्यातला फक्त आतला एक फुटाचा थर २० अंशांनी तापवायचा म्हटलं तर तो तीस घनमीटर दगड-चुना झाला, म्हणजे पंच्याऐंशी टनांच्या आसपास. त्याला लागतात सुमारे १४०० मेगाज्यूल. लाकडाच्या भाषेत साडेतीनशे किलो. बैलगाडीची एक खेप. आणि हे फक्त खोली पहिल्यांदा ऊब धरेपर्यंत!

या दोन आकड्यांत हमामाचं सगळं अर्थशास्त्र आहे. आंघोळ स्वस्त, खोली महाग. एकदा तापवली की तिच्यात एक माणूस न्हाला काय आणि शंभर न्हाले काय, खर्चात फारसा फरक नाही. म्हणून इस्तंबूल, इस्फहानसारख्या शहरांत हमाम हा सार्वजनिक धंदा झाला. दिवसभर गिऱ्हाईक, भट्टी थंड होऊच द्यायची नाही. इस्तंबूलमधले सोळाव्या शतकातले हमाम आजही गिऱ्हाईकं घेतात. याउलट किल्ल्यातला शाही हमाम म्हणजे दोनचार माणसांसाठी गाडीभर सरपण. चैन म्हणतात ती हीच.

मग आपल्याकडे सार्वजनिक हमाम का रुजले नाहीत? हवा उष्ण, नद्यांना घाट, अंगणात विहीर, ही कारणं आहेतच. पण मला वाटतं आणखी एक कारण आहे, आणि ते सांगायला आपण संकोचतो. एका बंद गरम खोलीत शेजारी शेजारी बसून, एकाच पाण्याच्या टाकीतून घेऊन सगळ्या जातींनी आंघोळ करणं आपल्याला कधी झेपलं असतं? महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेण्यासाठी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. तेही उघड्या तळ्याचं. हमाम लोकांपर्यंत पोचला नाही, राजवाड्यातच राहिला, याचं खापर फक्त उन्हावर फोडता येणार नाही.

आणि त्या गाडीभर सरपणामागे माणसं होती. बाभळी तोडणारा, मोळ्या वाहणारी, विहिरीवर मोट हाकणारा, रेड्यावर पखाल घालून पाणी आणणारा, पहाटे भट्टीत तोंड घालून राख काढणारा. फरशीवर उघड्या पायांनी बसलेल्या सुलतानाचं नाव इतिहासात आहे. फरशीखाली जाळ घालणाऱ्याचं नाही. किल्ल्याच्या तोफेपाशी तुम्हाला सरदारांची नावं आठवतात. हमामखान्यात, थोडा विचार केला तर, बिननावाची माणसं आठवतात. मला ही इमारत महत्त्वाची वाटते ती एवढ्यासाठी.

याच जिल्ह्यात पाण्याची आणखी दोन रूपं आहेत, ती शेजारी ठेवून बघितली की चित्र पुरं होतं. एक नळदुर्गचं. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ मध्ये, बोरी नदीवर धरण बांधलं आणि त्या धरणाच्या पोटातच महाल केला. पावसाळ्यात नर-मादी धबधबे कोसळतात आणि तुम्ही पाणीमहालात कोरडे उभे! पाण्याचा उपयोग तिथे गारव्यासाठी आणि नजरेच्या सुखासाठी. परांड्याला ऊब, नळदुर्गला गारवा. दुसरं रूप तुळजापूरचं. कल्लोळ तीर्थ आणि गोमुख तीर्थ, जिथे भवानीच्या दर्शनाआधी हजारो माणसं हातपाय धुतात, स्नान करतात. तिथे ना भट्टी ना घुमट. वरच्या दोन्ही ठिकाणी पाणी मूठभरांच्या सुखासाठी राबतं, इथे ते गर्दीसाठी आहे.

नळदुर्गला गर्दी आहे, तुळजापूरला तर विचारूच नका. परांड्याच्या हमामाच्या वाट्याला काय? मूर्ती.

मूर्तींच्या या मुद्द्यावर जरा थांबतो, कारण त्यावर दोन टोकाची मतं ऐकू येतात. पहिलं: "देवांना न्हाणीघरात ठेवलंय, हा अपमान आहे." दुसरं: "एक दुर्मीळ हमाम होता, त्याची अडगळीची खोली केली." मला दोन्ही मतांतली चीड समजते, पण दोन्ही अर्धीच वाटतात. जाड भिंती, भक्कम छत, बंद करता येणारं दार, हे सगळं हमामासाठी मुद्दाम बांधलेलं असतं, आणि उघड्यावर झिजणाऱ्या शिल्पांनाही नेमकं तेच लागतं. बिदरच्या किल्ल्यात तर पुरातत्त्व खात्याचं संग्रहालयच जुन्या शाही हमामाच्या इमारतीत आहे. म्हणजे परांडा काही जगावेगळं करत नाही. ज्या भिंती सुलतानाच्या अंगाची ऊब राखायला बांधल्या त्या आज भंगलेल्या देवांना पावसापासून राखतात, यात मला अपमान दिसत नाही. इमारतीला नवं काम मिळालं, एवढंच.

माझी तक्रार आहे ती मुकेपणाची. मूर्ती बघणाऱ्याला ही मूर्ती कुठे सापडली, कोणत्या शतकातली, कोणत्या देवाची, हे कळायला हवं. आणि इमारत बघणाऱ्याला पाणी कुठून यायचं, जाळ कुठे लागायचा, धूर कुठून जायचा, हे कळायला हवं. ते नसलं की देव अडगळीतले दगड होतात आणि हमाम अंधारी खोली होते. दोघांचाही इतिहास एकाच छपराखाली एकदमच हरवतो. आणि अशा पोकळीत मग कुणीही काहीही गोष्ट भरू शकतं. कुणी म्हणणार हे आधी देऊळच होतं, कुणी म्हणणार इथून भुयार थेट सोलापूरला जातं. (प्रत्येक किल्ल्यात असं एक भुयार असतंच!)

करायचं काय? चार गोष्टी, आणि त्यातली एकही कोटीच्या घरातली नाही. पहिली, दारात एक पाटी. त्यावर सनावळी कमी आणि इमारतीचा उभा छेद मोठा. भट्टी, फरशीखालची पोकळी, टाकी, धुराडं, बाण काढून दाखवलेली हवेची वाट. पाचवीतल्या मुलाला कळेल असा. दुसरी, प्रत्येक शिल्पाला क्रमांक आणि दोन ओळींची माहिती. तिसरी, पुरातत्त्व खात्याच्या परवानगीने इमारतीचं अचूक मोजमाप. हे काम आपल्या पिढीच्या हातचं आहे. शेकडो छायाचित्रं जुळवून त्रिमिती प्रतिकृती करणारी प्रणाली आज फुकट मिळते, आणि ती चालवू शकणारे पुण्यात ढिगाने आहेत. दोन वीकांतांचं काम. चौथी, आणि सगळ्यात निकडीची: पाणी जाण्याच्या वाटा मोकळ्या ठेवणं. अशा इमारतीचा शत्रू मुरणारं पाणी. वरून गिलावा चोपडायचा आणि खालची मोरी तुंबलेली ठेवायची, म्हणजे रोग हाल्याला आणि औषध पखालीला.

यावर दोन आक्षेप येणार. "ज्या मराठवाड्यात २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे सुलतानाच्या न्हाणीघराचे लाड?" मी म्हणतो, म्हणूनच. चारशे वर्षांपूर्वी याच कोरड्या मुलखात पाणी साठवणं, उचलणं, वाहून नेणं, तापवणं आणि काढून देणं याचा पूर्ण विचार एका इमारतीत केलेला आहे. दुष्काळी जिल्ह्यातल्या शाळेच्या सहलीला याहून चांगला धडा कोणता? दुसरा आक्षेप: "हा आपला इतिहास नाही, परक्यांची चैन आहे." चैन होतीच, ते मी वर हिशेबाने दाखवलंय. पण दगड इथला, सरपण इथलं, मोट इथली, आणि राबलेले हात बहुतेक इथलेच. त्यांना परकं कसं म्हणायचं? रायगडावर राणीवशातले शौचकूप वाटाडे अभिमानाने दाखवतात, आणि ते बरोबरच आहे, कारण त्यातून त्या काळची स्वच्छतेची जाण दिसते. मग तीच नजर भुईकोटाकडे वळवायला काय हरकत आहे?

२०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्य म्हणून बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. आनंद झालाच. त्यात मराठवाड्यातला एकही भुईकोट नाही, आणि त्या यादीचा विषयच वेगळा असल्याने तशी अपेक्षाही नव्हती. पण यादीत नसलेल्या किल्ल्यांकडे पैसा आणि पर्यटक दोन्ही कमी वळणार हे उघड आहे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं व्हायला नको. त्यांच्याकडे आपणहून जावं लागेल, आणि जाताना बरोबर चांगले प्रश्न न्यावे लागतील.

तेव्हा परांड्याला गेलात तर तोफा बघाच, मीही बघतो. त्यानंतर हमामखान्यात शिरा, डोळे अंधाराला सरावेपर्यंत अर्धा मिनिट थांबा, मूर्तींना नमस्कार करायचा असेल तर करा, आणि मग तिथल्या माणसाला एवढंच विचारा: "इथे जाळ कुठे घालत होते हो?" दहा जणांनी विचारलं तर तो हसेल. शंभर जणांनी विचारलं तर कदाचित कुणीतरी पाटी लावेल.